हळद्याचं पाणी

६ ऑगस्ट

छोट्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोपर्यंत शिल्लक राहिले तर.

फोन न करता पत्र लिहितेय, त्याला कारण आहे. घर एवढंसं, मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी बाबांच्या कानावर जातं. त्यांना बोलता येत नाही म्हणून ऐकूही येत नसेल असं धरून त्यांच्यासमोर वाटेल ते बोलणारे पुष्कळ येऊन जातात. मला त्यांच्यात जमा व्हायचं नाही. आणि मोबाइलवर लिहिलं की तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस.

पाणी पांढरं झालंय.

मी चार दिवसांनी परत आले त्या संध्याकाळी टाकी बघून दारातच थबकले होते. पाणी आहे की नाही कळू नये इतकं नितळ, मासे नुसते हवेत टांगल्यासारखे. तुला लगेच फोन करून तुझं कौतुक केलं. ते मी अजून मागे घेतलेलं नाही. पण परवापासून पाण्यावर धुरकट छटा आली, कुणी पिठाचे हात बुडवावेत तशी, आणि आज टाकीची पाठची काच दिसत नाही. नवरा-बायको, म्हणजे ती केशरी जोडी, एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून आहेत. हळद्या वर येऊन तोंडाची नुसती उघडझाप करतोय.

हळद्या म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण सांगते, कारण तेव्हा तू इथं नव्हतास. बाबांना झटका आल्यावर दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा ते मला ओळखतात की नाही हेच समजत नव्हतं. डॉक्टर बोटं नाचवून गेले, मी फोटो दाखवले, काही नाही. मग खुर्ची टाकीसमोर लावली. बाबांनी डावा हात उचलला, काचेला एक बोट टेकवलं, आणि तो पिवळाधमक मासा पलीकडून येऊन त्या बोटासमोर उभा राहिला. बाबा हसले. अर्धं तोंड हसलं. तेव्हापासून रोज सकाळी तेच. औषध घ्यायचं, घास गिळायचा, हे सगळं त्या भेटीनंतर. आधी नाही.

दोष शोधायचा तर आधी आपल्या पदरात बघावं, म्हणून बघितलं. खाणं मी चिमटीनं घालते, तेवढंच आहे. हातांना साबण नव्हता. समुद्राच्या माशांना पाण्यात लागतं ते मीठ मोजून घेतलं होतं. खोलीत डासांचं औषध मारलेलं नाही. मावशींना विचारलं तर त्या फणकारल्या. म्हणाल्या, मी बाबांना सांभाळते, माशांना नाही, त्यांचा पगार वेगळा.

तेव्हा आता तुला विचारते. ते चार दिवस तू होतास. टाकीचं नेमकं काय काय केलंस? विम्याच्या ऑफिसात नुकसानीचा दावा आला की आम्ही आधी हेच विचारतो, शेवटचा हात कुणाचा लागला. रागावू नकोस. मलाही मी तेच विचारलं.

तुझी,
ताई

१२ ऑगस्ट

ताईस सा. न.

आशीर्वाद शिल्लक राहिले नाहीत असं दिसतंय. असो, मी उधारीवर चालवेन.

शेवटचा हात कुणाचा म्हणे. मी तुझ्या ऑफिसातला दावेदार नाही, तुझा भाऊ आहे. चार दिवस रजा काढून आलो, तुझं प्रशिक्षण होतं म्हणून. त्याबद्दल पत्रात एक ओळ असती तर बिघडलं नसतं.

काय केलं ते सांगतो. काच पुसली. तुझ्या पिंपातलं पाणी घेऊन टाकी वरपर्यंत भरली. संपलं. मी अख्ख्या शहराला पाणी पाजतो, चार फुटांची काचेची पेटी मला काही हिमालय नाही. आमच्या केंद्रावर नदीचं पाणी येतं ते चहासारखं असतं आणि बाहेर पडतं तेव्हा तळाची टाचणी दिसते. त्यामुळे खरं सांगतो, तुमच्या टाकीची अवस्था बघून मला लाज वाटली. काचेवर हिरवं, दगडांवर तपकिरी लव, फिल्टरमधून चिखल. आजारी माणसाच्या तोंडासमोर ही घाण? बाबा स्वतः रोज धुतलेला, घडी न मोडलेला रुमाल वापरायचे.

तुझं दुखणं उघड आहे. तू जास्त खायला घालतेस. तुझी चिमूट मला माहीत आहे, लहानपणी माझ्या ताटातही तू ‘एवढंसंच’ वाढायचीस आणि मी रडत संपवायचो. उरलेलं खाणं कुजतं, पाणी पांढरं होतं. दोन दिवस उपाशी ठेव आणि निम्मं पाणी बदल. माशांना मायेनं काही होत नाही.

बाबांना नमस्कार सांग. म्हणजे, कळत असेल तर.

छोट्या

१९ ऑगस्ट

छोट्या,

बाबांना कळतं. तुझा नमस्कार सांगितला.

रजेबद्दल आभार मानायचे राहिले, ते मानते. तू म्हणालास ते सगळं मी केलं, आणि मुद्दाम तुझं बरोबर निघावं असा हट्ट धरून केलं. खाणं बंद ठेवलं. निम्मं पाणी बदलण्यासाठी बादल्या उचलून पाठ धरली. दुसऱ्या दिवशी पाणी जरा उघडलं, मला वाटलं जिंकलो, संध्याकाळपर्यंत पुन्हा ताकासारखं. शनिवारी सकाळी जोडीतली बायको तळाशी आडवी पडलेली होती. माझ्याआधी बाबांनी बघितलं. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी मान भिंतीकडे वळवलेली, आणि कप तोंडाला लावला तर दात घट्ट. मावशी म्हणाल्या, हट्ट करतायत. मी म्हटलं, तुमच्या घरातलं माणूस गेलं तर तुम्ही चहा घ्याल का? मग माझंच मला वाटलं की माशाला माणूस म्हणणं जरा जास्त झालं, पण शब्द परत घेतला नाही.

बाटलीत पाणी भरून दुकानात नेलं. दुकानदार तोंडाचा फटकळ आणि विकण्यात हुशार, आधी मला तीन पावडरी दाखवल्या. मग नळीत थेंब टाकून पाणी हलवलं तर ते गर्द हिरवं झालं. अमोनिया. म्हणजे मासे स्वतःच्या मुताच्या विषात पोहतायत. हळद्याला त्यानं त्याच दिवशी आपल्या दुकानातल्या टाकीत नेलं. जाताना म्हणाला, टाकी नवी घेतलीत वाटतं? मी म्हटलं, चाळीस वर्षं जुनी आहे. तो माझ्याकडे बघत राहिला.

ते त्याचं बघणं घेऊन मी घरी आले आणि तेव्हा मला बाबांचं बोलणं आठवलं. तुलाही आठवेल. पाहुणे टाकीला नावं ठेवायचे, किती कळकट हो, तेव्हा बाबा म्हणायचे, दगडावरच्या या कळकटीला हात लावायचा नाही, ती कामावर आहे. त्या लवेत, त्या चिखलात जे जिवाणू राहतात तेच माशांची घाण खातात. ते असले की पाणी आपोआप निवळतं. ते मेले की मासे आपल्याच घाणीत मरतात, पाणी कितीही बदला.

मी आले तेव्हा दगड फिके दिसत होते. त्यांच्यावर एरवी असायचे ते जांभळट पापुद्रे नव्हते. मला वाटलं, नितळ पाण्यात असेच दिसत असतील. आता मला तसं वाटत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा विचारते आणि सोपं करून विचारते. तू दगड धुतलेस का? हो की नाही एवढंच लिही. बाकीचं पान कोरं राहिलं तरी चालेल.

ताई

२५ ऑगस्ट

ताई,

नाही.

पान कोरं ठेवणार नाही, कारण मलाही काही म्हणायचं आहे. कुणी एक दुकानदार तुझ्याकडे डोळे वटारून बघतो आणि तू भावाची उलटतपासणी सुरू करतेस. तो पावडरी विकणारा माणूस, मासा त्याच्याकडे, आता परत देतो का बघ. आणि तू रसायनं मला शिकवतेस? जिवाणू म्हणे कामावर आहेत. मग त्यांना बोनस दे.

पंप जुना आहे, तो तपासून घे. बाबांचा तो पंप मी शाळेत असल्यापासून खोकतोय. पाण्यात हवा पुरेशी मिसळली नाही तरी असंच होतं. आणि क्लोरीनचं म्हणशील तर तो प्रश्नच येत नाही. त्याचा शेवटचा थेंबही मी औषध घालून मारून टाकला होता, पट्टी बुडवून दोनदा खात्री केली होती. एवढं मला जमतं. तेवढ्यासाठीच मला पगार मिळतो.

त्या घरात काहीही बिघडलं की बोट माझ्याकडे, ही रीत नवी नाही. मला वाटलं होतं, आता बोट दाखवणारा हातच पडला तर ती थांबेल. पण तू ती गादी चालवतेयस.

छोट्या

३० ऑगस्ट

छोट्या,

तुझं पत्र उभ्यानं वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. माझं अक्षर आज नीट येणार नाही, समजून घे. किंवा नको घेऊस.

पिंपातल्या पाण्यात क्लोरीन नसतं. ते उडून जावं म्हणूनच आपण पाणी पिंपात उघडं ठेवतो. मी ठेवते, बाबा ठेवायचे. तू म्हणतोस की तू फक्त काच पुसलीस आणि पिंपातलं पाणी भरलंस. मग तू औषध घालून मारलंस ते क्लोरीन आलं कुठून?

मी खोटेपणा शोधून पोट भरते रे. माणसं पेटलेल्या गोदामाबद्दल माझ्याशी खोटं बोलतात, तीसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त मेहनत घेतात.

तरी मी मावशींना विचारायचं नाही असं ठरवलं होतं. घरातल्या भांडणात बाहेरचा साक्षीदार नको. पण काल त्या आपणहून बोलल्या, आणि अगदी कौतुकानं. रिकाम्या टाकीकडे बघून म्हणाल्या, दादांनी मात्र दगड काय पांढरेशुभ्र केले होते हो, मोठ्या टबात घालून, ब्रशनं घासून, त्या औषधाचा वास एवढा की खिडक्या उघडायला लागल्या. मग म्हणाल्या, वाळूसुद्धा धुतली, फिल्टरचा स्पंज तर नवाच वाटत होता. मी विचारलं, बाबा कुठे होते? म्हणाल्या, इथेच की, खुर्चीत, समोर. दादांनीच बसवलं होतं, बघा म्हणाले. आणि बाबा काय करत होते? तर म्हणाल्या, खुर्चीच्या हातावर हात आपटत होते, सारखे, किती तरी वेळ. मी विचारलं दादांना की काय हवंय यांना, तर दादा म्हणाले, काही नको, खूश झालेत.

खूश झालेत.

नवराही गेला, सोमवारी. टाकीत आता कुणी नाही. बाबांना समोर बसवलं की डोळे मिटून घेतात, आणि नाही बसवलं तर त्या बाजूला मान वळवून राहतात. सकाळचं औषध चमच्यानं जबरदस्ती घालावं लागतं. त्यांच्या गालावर परवा माझ्या नखाचा ओरखडा उमटला. तुझ्या पांढऱ्याशुभ्र दगडांच्या हिशेबात तोही धर.

मी कुठल्याही प्रशिक्षणाला गेले नव्हते, हेही सांगून टाकते, म्हणजे मी तुझ्याकडून खरं मागायला मोकळी. मी मैत्रिणीकडे गेले होते, झोपायला. नुसती झोपायला. बाबांचं अंथरूण-पांघरूण, कूस बदलणं, घसा खाकरणं, यांतलं काहीही कानावर न येता मला झोपायचं होतं. तिच्याकडे मी जेवायलासुद्धा उठत नव्हते. आणि मला समाधान वाटत होतं की तिकडे छोट्या आहे. हा राग मला माशांचा आलाय की त्या झोपेचा, ते मी नीट तपासलेलं नाही. दोन्हींचा असेल. पण त्यामुळे तू केलंस ते कमी होत नाही.

बाबा समोर बसून नको म्हणत होते आणि तू घासत होतास. याचं उत्तर दे. पंपाबद्दल नको लिहूस.

ताई

७ सप्टेंबर

ताई,

बरं. पंपाबद्दल लिहीत नाही.

हो, धुतले. दगड काढले, टबात नळाचं पाणी घेतलं, त्यात कपडे धुवायचं क्लोरीन ओतलं, ब्रशनं घासले, तसेच भिजत ठेवले, मग औषध घालून क्लोरीन मारलं आणि परत लावले. वाळूचंही तेच. आमच्याकडे टाक्या अशाच करतात. आधी जे जिवंत आहे ते मारायचं, मग मारणारं मारायचं, राहतं ते स्वच्छ पाणी. माझ्या धंद्यात पाण्यात जिवंत काही सापडलं तर मला घरी बसवतात. वीस वर्षं मी ज्याला चांगलं पाणी म्हणतो तेच केलं. मासे मरतील हे मला माहीत नव्हतं. हे खरं आहे, तुला तपासायचं तर तपास.

‘कळकट कामावर आहे’ हे बाबांचं बोलणं आठवतं का, विचारलंस. आठवतं. माझ्याशी बोललेलं नाही, पाहुण्यांशी बोललेलं. मी ते जिन्यात बसून ऐकलंय. मला टाकीबद्दल त्यांनी एकच गोष्ट सांगितली, तीही शब्दांत नाही. मी जवळ गेलो की टाकीखालच्या लाकडावर बोटांची पेरं वाजवायचे, टक टक. लांब. तुला खायला घालू द्यायचे, स्टुलावर उभं करून. मी गेलो की टक टक. मारलं कधीच नाही, त्याचं श्रेय द्यायला हवं. जेवताना कोपर टेबलावर आलं, टक टक. गणित चुकलं, टक टक. पाण्याच्या केंद्रावर नोकरी लागली ते सांगायला गेलो, पेढा पुढे धरला, तेव्हा बंदरातल्या जहाजांवर जन्म घालवलेला तो माणूस म्हणाला, समुद्र सोडून नळात चाललास, आणि वर टेबलावर तेच. पेढा मीच खाल्ला.

आता त्या चार दिवसांचं ऐक. मी आलो. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, टाकीकडे. मी सरकलो, तर ते वाकून बघायला लागले. मी म्हटलं, बाबा, मी छोट्या. ते हळद्याला बोट लावत होते. पहिला दिवस असा, दुसरा असा. त्यांना घास मी भरवला, पुसलं मी, उचलून नेलं मी, आणि डोळे माशावर. एका माशावर, ताई. मी काचेचा असतो तरी एवढा आरपार दिसलो नसतो.

तिसऱ्या दिवशी मी बाह्या वर केल्या आणि टाकीत हात घातला.

आणि ते वाजवायला लागले. पेरं वळत नाहीत आता, म्हणून अख्खा हात. मावशींना मी सांगितलं खूश झालेत. मला माहीत होतं ते खूश नाहीत. तो हात मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो, कारण तुझ्यावर तो कधी वाजलाच नाही. मी दगड घासत होतो आणि मनात म्हणत होतो, आता उठा. उठा ना. उठून थांबवा.

हे वाचून तुला काय वाटायचं ते वाटू दे. मलाही ते सुखाचं नाही. पण एक तुलाही सांगतो. ‘बाबांना हे चालत नाही, बाबांना ते आवडत नाही, बाबा म्हणतात.’ बाबा काही म्हणत नाहीत, ताई. दोन वर्षं झाली. तू म्हणतेस. त्यांचा हात हलतो आणि अर्थ तुझा असतो, आणि तो अर्थ नेहमी असा निघतो की तू बरोबर आणि मी लांब. तू टाकी राखलीस, बाबा राखलेस, आणि दारही राखलंस. मी त्या घरात कधी आलो तर चप्पल कुठे काढायची हेही तू सांगतेस.

पत्र त्यांना वाचून दाखवायचं तर दाखव.

छोट्या

२१ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. फोन केला तर मावशी म्हणाल्या, ताई बाहेर गेल्यात, आणि मागे तुझा खोकला ऐकू आला.

पुस्तक आणून वाचलं. टाकी परत उभी राहते म्हणे, पण वेळ लागतो. चांगल्या टाकीतला एखादा न धुतलेला दगड आणून ठेवायचा आणि काही करायचं नाही, पाणी गढूळ होऊ द्यायचं, मग ते आपसूक निवळतं. काही करायचं नाही हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. पंप नवा घेऊन ठेवलाय. पाठवू का?

हळद्या कसा आहे? तो तरी दुकानात बरा असेल.

छोट्या

२७ सप्टेंबर

छोट्या,

खोकला माझाच होता. मावशींना खोटं बोलायला मी लावलं, त्यांचा दोष नाही.

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहायला बसले की पहिलीच ओळ अशी यायची की ती पाठवली तर आपल्यात पुढं काही उरलं नसतं. अशा सात-आठ ओळी फाडल्या. अजून राग गेलेला नाही. तो जावा अशी मी वाट बघत नाहीये, त्याच्यासकट लिहायला शिकतेय.

बाबांचा अर्थ मी लावते, असं तू म्हणालास. मी हे सरळ उडवून लावणार होते. मग दोन दिवस नुसतं लक्ष ठेवलं. मावशींना मी किती वेळा म्हणते, ‘बाबांना खिडकी बंद हवी.’ काल असं म्हणून मी खिडकी बंद केली आणि बाबांकडे बघितलं, तर ते काहीच म्हणत नव्हते. थंडी मला वाजत होती. तेव्हा तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे, सगळं नाही, पण आहे. ते मी कबूल करते आणि त्याच्या बदल्यात तुला काहीही माफ करत नाही. त्यांनी तुझ्यावर पेरं वाजवली, ते चूक होतं, मी स्टुलावर उभी राहून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं. तेही चूक होतं. पण तू ज्याच्यावर सूड उगवलास तो माणूस उठू शकत नाही, छोट्या. ‘उठा’ म्हणायचं तर उठू शकत होते तेव्हा म्हणायचं होतंस. तेव्हा तू पेढा खाऊन निघून गेलास.

दगड आणून ठेवलाय, दुकानातूनच, ओल्या फडक्यात गुंडाळून. पाणी पुन्हा गढूळ आहे आणि मी काही करत नाही. पंप पाठवू नकोस. तुझ्याबरोबर आण.

कारण तुला यायचं आहे.

हळद्या मंगळवारी गेला. दुकानदारानं फोन केला, त्यालाही वाईट वाटलेलं दिसलं, पावडरीचं नाव काढलं नाही. कल्ले आधीच जळले होते म्हणाला, त्याच्याकडचं चांगलं पाणीही उपयोगाचं नव्हतं. मी बाबांना सांगितलेलं नाही. दगड आणल्यापासून ते पुन्हा रोज सकाळी काचेला बोट लावतात, त्या गढूळ पाण्यात डोळे ताणून बघतात, आणि माझ्याकडे मान वळवतात. मी म्हणते, दुकानात आहे, खातोय, दगड तयार झाले की आणू. असं मी चार दिवस म्हणतेय. ते औषध घेतात. मी खोटं बोलते म्हणून घेतात.

आजवर या घरातली प्रत्येक वाईट बातमी मी सांगितली. आईची मी सांगितली, तुला आणि त्यांना, दोघांना. उजवा हात परत येणार नाही हे डॉक्टर माझ्यावर टाकून गेले, तेही मीच सांगितलं. ही मी सांगणार नाही. मला जमणार नाही असं नाही. मी सांगणार नाही.

तू ये. रजा काढ, चार दिवसांची नको, पाणी निवळेपर्यंतची काढ. चप्पल कुठंही काढ. खुर्ची टाकीच्या आड येईल अशी लावू नकोस, त्यांच्या बाजूला लाव, म्हणजे दोघांना एकच दिसेल. आणि त्यांना सांग. मासे आपोआप मेले असं नाही. कसे मेले ते सांग, कुणी धुतलं, ते हात आपटत होते ते तुला कळत होतं, हे सगळं तुझ्या तोंडानं. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. माझ्या आवाजात ते त्यांना ऐकायला लागू नये.

मी त्या वेळी खोलीत नसेन. मावशींनाही बाहेर नेईन. त्यांचा हात काय करेल ते मला माहीत नाही. आपटेल, तुझा हात धरेल, किंवा नुसता पडून राहील. जे काही करेल त्याचा अर्थ तुझा तू लाव, आणि मला येऊन सांगू नकोस.

ताई